स्टिअरिंग मुकं का झालं?

स्पोर्ट्स सेडान म्हणजे चार दारांची, डिकी असलेली, घरच्या कामाला येणारी गाडी. फरक इतकाच, की ती बनवताना मागच्या सीटवर बसणाऱ्यांपेक्षा चालवणाऱ्याचा विचार थोडा जास्त झालेला असतो. इटलीच्या अल्फा रोमिओने अशा गाड्या आधीही केल्या होत्या, पण हा प्रकार जगभर रुजवला तो बीएमडब्ल्यूने. १९५९ च्या अखेरीस ही कंपनी इतकी अडचणीत होती, की ती डाइम्लर-बेंझला विकायचं जवळजवळ ठरलं होतं. हर्बर्ट क्वांट यांनी पैसा ओतून ती वाचवली आणि १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘नोये क्लासं’ मालिकेतली १५०० ही सेडान लोकांसमोर आली. १९६८ मध्ये याच घराण्यातल्या छोट्या दोन दारी गाडीत दोन लिटरचं इंजिन बसवून २००२ हे मॉडेल अमेरिकेत गेलं. मॅक्स हॉफमन या तिथल्या आयातदाराने त्यासाठी कंपनीच्या मागे लकडा लावला होता. ही गाडी तिथे इतकी गाजली, की तिची जागा घेणाऱ्या गाडीकडून अपेक्षा आपोआप वाढल्या. ती गाडी १९७५ मध्ये आली आणि तिचं नाव थ्री सिरीज.

तेव्हापासून या मालिकेच्या सात पिढ्या झाल्या. कंपनी त्यांना आपल्या आतल्या सांकेतिक क्रमांकांनी ओळखते आणि हौशी मंडळीही तेच वापरतात: १९७५ ची ई-२१, १९८२ ची ई-३०, १९९० ची ई-३६, १९९८ ची ई-४६, २००५ ची ई-९०, २०११ ची एफ-३० आणि २०१८ ची जी-२०. नवी पिढी आली, की ती जास्त वेगवान, जास्त सुरक्षित आणि जास्त आरामशीर असते, आणि ‘पण जुन्या गाडीची मजा हिच्यात नाही’ हे वाक्यही दर वेळी ऐकू येतं. ही तक्रार कुठे खरी आहे आणि कुठे नुसतं गतकाळाचं कौतुक, हे तपासायला थ्री सिरीजइतकं सोयीचं उदाहरण नाही. नाव तेच, काम तेच, कंपनी तीच आणि मधे जवळपास अर्धशतक.

पहिला आरोप वाढलेल्या आकाराचा. ई-३० ची लांबी ४.३३ मीटरच्या आत-बाहेर होती, जी-२० ची ४.७१ मीटर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २५७० मिलिमीटरवरून २८५१ वर गेला. रुंदी १६४५ मिलिमीटरवरून १८२७ झाली. सहा सिलिंडरच्या ई-३० चं वजन सुमारे बाराशे किलो होतं, आजच्या ३३०आय मध्ये चारच सिलिंडर असूनही वजन दीड हजाराच्या वर जातं. ही वाढ चैनीपोटी झाली असं म्हणणं अर्धवट ठरेल. १९९७ मध्ये युरो एनकॅप ही चाचणी सुरू झाली, धडकेत गाडी कशी टिकते याचे तारे ग्राहक मोजू लागला आणि दारांतल्या तुळया, जाड खांब, एअरबॅगा यांनी आपलं वजन घेतलंच. शिवाय कंपनी थ्री सिरीजच्या खाली वन सिरीज आणते, तेव्हा वरच्या गाडीला एक पायरी वर सरकावं लागतं.

हे वजन ओढायला ताकद वाढवली जाते, आणि ती वजनापेक्षा झपाट्याने वाढते. ई-३० मधल्या ३२५आय ला १७० च्या आसपास अश्वशक्ती होती. जी-२० ची ३३०आय २५८ अश्वशक्तीची आहे आणि शंभराचा वेग ५.८ सेकंदांत गाठते. जुन्या गाडीला त्यासाठी साधारण दोन सेकंद जास्त लागत. वाढलेली ताकद आवरायला टायर रुंद होतात. ३२५आय चे टायर १९५ मिलिमीटर रुंद होते, आता २२५ सर्रास आणि मागे २५५ सुद्धा दिसतात. रुंद टायर रस्ता घट्ट धरतो, म्हणून गाडी वळणावर जास्त वेगाने जाऊ शकते. कागदावर सगळं चांगलंच.

अडचण अशी, की मजा गाडीच्या क्षमतेत नसते, ती त्या क्षमतेच्या जवळ जाण्यात असते. बाराशे किलोची, बारीक टायरांची गाडी ताशी साठच्या वेगाने वळणात शिरली की टायर कुरकुरू लागतात, बॉडी एका बाजूला कलते, चालवणाऱ्याला हात-पाय जपून वापरावे लागतात. त्याच वळणावर त्याच वेगाने आजची गाडी निवांत असते, तिच्यासाठी तो वेगच नव्हे. तिला जागं करायचं तर वेग आणखी वाढवावा लागतो, आणि तो वेग सार्वजनिक रस्त्यावर बेकायदा किंवा वेडेपणाचा असतो. म्हणजे मजा नाहीशी झालेली नाही, ती रस्ता जिथवर पोहोचतो त्याच्या पलीकडे गेली आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटासारख्या अरुंद रस्त्यावर तर रुंदीचाही हिशेब लागतो. समोरून एसटी येत असताना रुंदीत वाढलेले अठरा सेंटिमीटर ही मोठी गोष्ट असते. आपल्या लेनमध्ये राहून वळणाची रेषा निवडायची मुभा छोट्या गाडीला मिळते, मोठीला फक्त कडेने सरकता येतं.

टोयोटाने हे गणित ओळखून एक गंमतच केली. २०१२ च्या जीटी-८६ या कूपे गाडीला त्यांनी प्रियस या हायब्रिडला लावले जात तशाच जातीचे बेताच्या पकडीचे टायर दिले, जेणेकरून कमी वेगातच गाडी खेळकर व्हावी. पण सेडान विकणाऱ्या कंपनीला असा उलटा प्रवास परवडत नाही, कारण तिच्या गाडीची तुलना आकड्यांनी होते.

तरीही सगळं खापर वजनावर फोडता येत नाही. २०११ ची एफ-३० आधीच्या ई-९० पेक्षा लांब असूनही समान मॉडेलांत चाळीस किलोपर्यंत हलकी होती, आणि मजा हरवल्याची ओरड सर्वांत जास्त झाली ती हिच्याच बाबतीत. अमेरिकेतल्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या वर्षातल्या दहा सर्वोत्तम गाड्यांच्या यादीत थ्री सिरीज दोन दशकांहून अधिक काळ सलग होती. २०१५ च्या यादीतून ती बाहेर पडली. गाडी हलकी झाली, वेगवान झाली, आणि तरी चाहते नाराज. कारण हातात होतं, स्टिअरिंगमध्ये.

गाडी वळते तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किंचित पिळला जातो. रबर परत सरळ व्हायला बघतं आणि ते चाकालाही सरळ करू पाहतं. हाच जोर चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीतून, म्हणजे रॅकमधून, आणि दांड्यांमधून स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. वळण जसं घट्ट होतं तसं स्टिअरिंग जड होत जातं. पण हा जोर शेवटपर्यंत वाढत नाही. पकडीची मर्यादा जवळ आली, की टेकलेल्या भागाची मागची कड आधी घसरू लागते, सरळ करणारा जोर कमी होतो आणि स्टिअरिंग हातात जरासं सैल पडतं. हे घडतं तेव्हा टायरमध्ये अजून थोडी पकड शिल्लक असते. मुरलेला चालक त्या सैल पडण्यावरून ओळखतो, की पुढची चाकं आता सुटणार, आणि वेळेवर पाय उचलतो. ओला रस्ता, वाळू, खडी यांची खबरही अशीच येते, डोळ्यांना दिसायच्या आधी.

जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनवर चालणारा पंप तेलाचा दाब तयार ठेवत असे आणि चालकाने जोर लावला की एक झडप उघडून तो दाब रॅकला मदत करी. तेल दोन्ही बाजूंनी ढकललं जातं, म्हणून टायरचे बारीक निरोप वर येत. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ही मदत मोटर करते. मोटरच्या रोटरचं स्वतःचं जडत्व असतं, तिच्या गिअरांत घर्षण असतं, आणि रस्त्याकडून येणारे छोटे जोर त्यातच जिरतात. जे उरतं ते सॉफ्टवेअर गाळतं. खड्ड्यांची थरथर नको म्हणून लावलेल्या गाळणीतून तो सैलपणाचा इशाराही निसटत नाही. मग ‘स्पोर्ट’चं बटण दाबलं की स्टिअरिंग जड होतं, पण त्या जडपणाचा रस्त्याशी काही संबंध नसतो. ई-९० च्या सहा सिलिंडरच्या गाड्यांत हायड्रॉलिक स्टिअरिंग होतं, एफ-३० मध्ये सगळीकडे इलेक्ट्रिक आलं. तक्रारीचं मूळ इथे सापडतं.

कंपन्यांनी हे दुष्टपणाने केलं नाही. हायड्रॉलिक पंप गाडी सरळ जात असतानाही इंजिनची ताकद खात राहतो. मोटर फक्त वळवताना वीज घेते, त्यामुळे इंधनात काही टक्क्यांची बचत होते. युरोपात कंपनीच्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन २०१५ पर्यंत किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणि त्यानंतर ९५ ग्रॅमवर आणायचं बंधन आलं, तेव्हा अशा प्रत्येक टक्क्यासाठी भांडणं होऊ लागली. शिवाय मोटर असल्याशिवाय गाडी स्वतःहून पार्क होऊ शकत नाही आणि लेन सोडली तर परत आणता येत नाही. या सोयी ग्राहकाला शोरूममध्ये पाच मिनिटांत दाखवता येतात. स्टिअरिंगचा बोलकेपणा दाखवायला घाट लागतो.

त्याच उत्सर्जनाच्या नियमांनी इंजिनंही बदलली. ई-९० ची ३२८आय तीन लिटर, सहा सिलिंडर आणि टर्बोशिवाय होती. एफ-३० मध्ये त्याच नावाखाली दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. ते ताकदीला थोडं सरस आणि मायलेजला बरंच चांगलं. पण टर्बो नसलेलं इंजिन पाय दाबताक्षणी उत्तर देतं आणि वर वर फिरवत नेण्यात मजा असते. टर्बो इंजिन कमी आरपीएमलाच सगळा जोर देऊन मोकळं होतं. पिकअप म्हणावा तर भरपूर, पण त्यात चालकाने कमावण्यासारखं काही उरत नाही. आवाजाचं सांगायचं तर २०११ च्या एम-५ या ताकदवान सेडानमध्ये बीएमडब्ल्यूने इंजिनाचा आवाज म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरमधून केबिनमध्ये सोडायला सुरुवात केली. आधी आवाज अडवायला काच आणि फोम जाड करायचे आणि मग तोच आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवायचा, यातला विनोद कंपनीच्याही लक्षात आला असेलच.

मॅन्युअल गिअर मागे पडले ते वेगळ्या कारणाने. आठ गिअरचा नवा ऑटोमॅटिक बॉक्स माणसापेक्षा चटकन आणि मऊ गिअर बदलतो, आणि रहदारीत क्लच दाबत बसायची हौस कुणाला नाही. जी-२० अमेरिकेत मॅन्युअलशिवायच आली. इथे ग्राहकाने मत दिलं आणि विषय संपला. थ्री सिरीजच्या सर्वांत तिखट अवतारात, २०२० च्या एम-३ मध्ये, मात्र मागच्या चाकांवर चालणाऱ्या मूळ आवृत्तीत मॅन्युअल ठेवला गेला, म्हणजे थोडी मागणी अजून आहे.

आता दुसरी बाजू. ‘जुनी गाडी’ म्हणताना डोळ्यांपुढे कोणती गाडी असते? ई-३० म्हटलं की लोकांना १९८६ ची एम-३ आठवते, ई-४६ म्हटलं की सहा सिलिंडरची ३३०आय. त्या काळी रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य गाड्या ३१६ आणि ३१८ होत्या, कमी ताकदीच्या आणि खास न आठवण्याजोग्या. तुलना होते ती जुन्यातल्या सर्वोत्तमाची आणि नव्यातल्या सर्वसाधारणाची. शिवाय जुन्या गाडीचा खेळकरपणा कधी कधी दोषच होता. ई-३० च्या मागच्या सस्पेन्शनची रचना अशी होती, की वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर गाडीचं शेपूट बाहेर यायचं. पावसात हे अनेकांना महागात पडलं. ई-३६ मध्ये अनेक दांड्यांचं नवं मागचं सस्पेन्शन आलं आणि हा खोडसाळपणा बराच आटोक्यात आला. त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी आपली गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती देताना काय वाटेल याचाही विचार करावा.

ओरडही नवी नाही. आज जिला सर्वोत्तम म्हणून डोक्यावर घेतात त्या ई-४६ च्या काही गाड्यांचं स्टिअरिंग फार हलकं आहे म्हणून समीक्षकांनी झोडपलं होतं आणि कंपनीने पुढे ते सुधारलं. ई-९० ला पंक्चर झाल्यावरही धावणारे रन-फ्लॅट टायर मिळाले. त्यांच्या कडक भिंतींमुळे गाडी खड्ड्यांत दणके देई आणि अनेक मालकांनी ते उतरवून साधे टायर घातले. तीच ई-९० आता हायड्रॉलिक स्टिअरिंगची शेवटची थ्री सिरीज म्हणून कौतुकाने शोधली जाते. या तक्रारींतल्या काही विरल्या, काही टिकल्या. एफ-३० च्या स्टिअरिंगची टिकली, आणि ती टिकली यावरूनच तिच्यात तथ्य होतं असं म्हणता येतं.

बीएमडब्ल्यूलाही ते कळलं असावं. जी-२० चा सांगाडा आधीपेक्षा जास्त ताठ केला, चाकं थोडी बाहेर सरकवून पवित्रा रुंद केला, समान मॉडेलांत वजन पंचावन्न किलोपर्यंत उतरवलं आणि साध्या सस्पेन्शनमध्येही असे डँपर दिले जे चाक जितकं वर-खाली जाईल तितके घट्ट होतात. गाडीचा तोल सुधारला हे बहुतेक परीक्षकांनी मान्य केलं. स्टिअरिंग अचूक झालं, जलद झालं, बोलकं मात्र फारसं झालं नाही. इलेक्ट्रिक स्टिअरिंगनेही चांगलं काम होऊ शकतं हे अल्फा रोमिओच्या २०१६ च्या जुलियाने दाखवलं. तिचं स्टिअरिंग ११.८ ला १ अशा तीव्र गुणोत्तराचं, पुढचं सस्पेन्शन बारकाईने आखलेलं, इंजिनकडून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कार्बन फायबरचा. परीक्षकांनी तिची तोंडभरून स्तुती केली. ग्राहक तरीही मोठ्या संख्येने थ्री सिरीज, सी-क्लास आणि ए-फोर या जर्मन गाड्यांकडेच गेले. चालवण्याची मजा हा गाडी घेण्याच्या कारणांत बराच खालचा आयटम आहे, हे जुलियाच्या विक्रीने कंपन्यांना पुन्हा एकदा सांगितलं.

भारतात ही गोष्ट स्वस्त गाड्यांत जास्त ठळकपणे घडली. होंडा सिटी १९९८ मध्ये इथे आली आणि २००० मध्ये तिला १.५ लिटरचं, १०६ अश्वशक्तीचं व्हीटेक इंजिन मिळालं. उंचीला बुटकी, आरपीएमच्या शेवटच्या टोकापर्यंत हौसेने फिरणारी ती सेडान आजही जपणारे लोक आहेत. २००३ च्या अखेरीस नवी सिटी आली ती उंच, आत ऐसपैस आणि सुमारे ७७ अश्वशक्तीची. मायलेज उत्तम. हौशी मंडळींनी कपाळावर हात मारला आणि गाडी धडाक्याने खपली. पुढे दोनेक वर्षांनी व्हीटेक परत आलं, शंभर अश्वशक्तीचं, पण गाडीचा स्वभाव बदलला तो बदललाच.

थ्री सिरीजचं इथलं रूप तर आणखी बोलकं आहे. चेन्नईच्या कारखान्यात जोडली जाणारी ही गाडी २०२१ मध्ये ‘ग्रॅन लिमोझिन’ या नावाने आली, व्हीलबेस ११० मिलिमीटरने वाढवलेला, आणि ती सगळी लांबी मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी. अशी लांब थ्री सिरीज चीनमध्ये आधीपासून विकली जात होती. मुंबई-पुण्यात इतक्या किमतीची गाडी घेणारा बहुधा मागे बसतो आणि पुढे ड्रायव्हर असतो, तेव्हा कंपनीने चूक केली असं म्हणता येणार नाही. ज्यांना स्वतः चालवायची आहे त्यांच्यासाठी त्याच वर्षी ३८७ अश्वशक्तीची एम-३४०आय इथे आणली गेली. उलट दिशेचं उदाहरण चाकणमध्ये तयार होतं. फोक्सवॅगनची व्हेंटो शेवटी ११० अश्वशक्तीच्या एक लिटर इंजिनावर आली होती. तिच्या जागी २०२२ मध्ये आलेली व्हर्टस मोठी आहे, मागे जागा जास्त आहे, आणि तरी १५० अश्वशक्तीच्या दीड लिटर टर्बो इंजिनासह ती चालवायला व्हेंटोपेक्षा सरस आहे. पुढे तिला त्या इंजिनासोबत मॅन्युअल गिअरही मिळाले. तिचं वजन बाराशे-साडेबाराशे किलोंच्या घरात, म्हणजे जुन्या ई-३० च्या आसपास. ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि स्टिअरिंग इलेक्ट्रिकच आहे, तेव्हा बरोबरी करायला नको, पण वजन आवरलं तर काय होतं हे दिसतं.

वरच्या टोकाला मात्र वजन आवरायचं सोडून दिल्यासारखं दिसतं. पहिली एम-५ १९८५ च्या सुमारास २८६ अश्वशक्ती आणि सुमारे १४३० किलो वजन घेऊन आली. २०२४ ची एम-५ प्लग-इन हायब्रिड आहे, ७२७ अश्वशक्तीची आणि चोवीसशे किलोंच्या वरची, म्हणजे आधीच्या पिढीपेक्षा सुमारे पाचशे किलोंनी जड. मर्सिडीजच्या सी-६३ मधून २०२२ मध्ये व्ही-८ इंजिन गेलं आणि चार सिलिंडर अधिक बॅटरी आली. ताकद ६८० अश्वशक्ती, वजन एकवीसशे किलोंच्या पुढे. या गाड्या संगणकाच्या मदतीने थक्क करतील अशा वळतात. पण वळणावर मदत कोणी केली, चालकाने की संगणकाने, हे चालकालाही नीट सांगता येत नाही.

पूर्ण विजेच्या सेडानमध्ये बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, बॉडी रोल कमी होतो आणि पाय दाबताच मिळणारं तत्काळ उत्तर, जे टर्बोने घेतलं होतं, ते परत मिळतं. वजन मात्र राहतंच. ह्युंदाईने आयोनिक-५ एन मध्ये नसलेल्या गिअरांचे खोटे धक्के आणि आवाज सॉफ्टवेअरने तयार केले, आणि हसत हसत चालवायला गेलेल्या कित्येक परीक्षकांना ते आवडले. बीएमडब्ल्यूने आपल्या नव्या विजेच्या गाड्यांसाठी मोटर, ब्रेक आणि स्टिअरिंग एकत्र हाताळणारा एक संगणक तयार केला असून त्याला ‘हार्ट ऑफ जॉय’ असं नाव दिलं आहे. मोटर आणि ब्रेक यांचा मेळ अशा संगणकाने नक्कीच सुधारेल. टायर सुटण्याआधीचा तो सैलपणा मात्र रॅकमधून हातापर्यंत येऊ द्यायचा की गाळून टाकायचा, हे पूर्वीप्रमाणेच कंपनीचे अभियंते ठरवतील, आणि त्यांच्यापुढे असतील ते बहुसंख्य ग्राहक ज्यांनी तो कधी मागितलाच नाही.